नसलेल्या देशाची राजधानी

२२ जानेवारी १८२३. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहराला लागून लीथ नावाचं बंदर आहे. तिथे ‘केनर्सली कॅसल’ हे जहाज निघायच्या तयारीत होतं. जहाजावर दोनशेच्या आसपास माणसं होती. शेतकरी होते, कारागीर होते, लाकूड चिरणारे होते, बायका होत्या, पोरं होती. कितीतरी जणांनी आयुष्यभराची पुंजी यात घातली होती. जवळचे पौंड देऊन त्यांनी पोयाइसचे डॉलर घेतले होते, कारण जायचं होतं पोयाइसला आणि तिथे पौंड घेऊन काय करायचं?

जहाज सुटायच्या आधी त्या देशाचा राजा स्वतः निरोप द्यायला जहाजावर आला. स्कॉटलंडहून माझ्या देशाकडे निघालेलं हे पहिलंच जहाज, तेव्हा बायका आणि मुलांचं भाडं माफ, असं त्यानं जाहीर केलं. लोकांनी त्याच्या नावाचा जयजयकार केला. मग जहाज निघालं.

त्या राजाचं नाव ग्रेगर मॅकग्रेगर. देशाचं नाव पोयाइस, राजधानीचं सेंट जोसेफ. राजधानीत रुंद फरसबंद रस्ते, खांबांच्या ओळींनी सजलेल्या इमारती, नाटकगृह, घुमटाचं मोठं चर्च, संसद आणि बँक, असं सगळं होतं म्हणे. यातला फक्त ग्रेगर मॅकग्रेगर खरा होता.

हे प्रकरण मी पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, गमतीदार असेल. एका भामट्यानं अख्खा देश बनवून विकला, ऐकायलाच कसं भारी वाटतं! पण त्या मुलांच्या माफ केलेल्या भाड्यापाशी मी थांबले आणि मग हसू आलं नाही. त्यातली बरीच मुलं परत आली नाहीत.

‘लोक खुळे होते’ असं म्हणून हे पुस्तक मिटता येतं. मला ते मान्य नाही. या लोकांनी आपल्या परीनं चौकशी केली होती. त्यांनी पुस्तक वाचलं, नकाशा पाहिला, नोटा हातात घेऊन पाहिल्या, कचेरीत जाऊन माणसांशी बोलले. तरीही ते फसले. कसे फसले, ते नीट पाहू.

आधीची काही वर्षं

मॅकग्रेगरचा जन्म १७८६ चा. वडील डॅनियल हे ईस्ट इंडिया कंपनीत जहाजावर कप्तान होते. मुलगा लहान असतानाच ते गेले. घराण्याचा तोरा मात्र मोठा होता. मॅकग्रेगर हे नाव लावायलाच स्कॉटलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती, ती १७७४ मध्ये कायमची उठली. अशा घरातलं पोर आजोबा-पणजोबांच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकतच वाढलं असणार.

सोळाव्या वर्षी तो ब्रिटिश सैन्यात अधिकारी झाला. त्या काळी अधिकारपद पैसे मोजून विकत घेता येत असे, आणि त्याच्या घरच्यांनी ते घेतलं. पुढे त्यानं श्रीमंत घरातल्या मुलीशी लग्न केलं, वरचं पद घेतलं, वरिष्ठांशी भांडून सैन्य सोडलं आणि लंडनमध्ये स्वतःच स्वतःला ‘सर ग्रेगर’ म्हणवून घ्यायला लागला. बायको लवकर वारली, आणि तिच्याबरोबर सासरकडचा पैसाही आटला.

तेव्हा दक्षिण अमेरिकेत स्पेनच्या राज्याविरुद्ध बंड पेटलं होतं. १८१२ मध्ये मॅकग्रेगर व्हेनेझुएलाला पोचला, सैन्यात शिरला, आणि क्रांतीचा नेता सिमोन बोलिव्हार याच्या नात्यातल्या होसेफा नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो नुसता बडबड्या नव्हता. १८१६ मध्ये पाठीवर शत्रू घेऊन त्यानं आपली तुकडी महिनाभर जंगलातून चालवत सुखरूप बाहेर काढली होती. त्याचं नाव झालं ते खऱ्या कामगिरीवर. पुढे लंडनच्या मेजवान्यांत जनरल मॅकग्रेगर म्हणून त्याची ओळख करून दिली जायची तेव्हा ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच पुढची खोटी ओळखही लोकांनी सहज घेतली.

पण त्यानंतरचं वागणं बघा. १८१७ मध्ये त्यानं फ्लोरिडाजवळचं अमेलिया नावाचं लहानसं बेट स्पेनकडून घेतलं. मोहिमेसाठी पैसा उभा केला तो अजून जिंकायच्या असलेल्या फ्लोरिडातल्या जमिनीचे कागद विकून. बेटावर त्यानं स्वतःचा झेंडा लावला, स्वतःचं चलनही काढलं. दोन-अडीच महिन्यांत अडचण आली आणि साहेब बेट सोडून निघून गेले. १८१९ मध्ये पनामातलं पोर्तोबेलो त्यानं घेतलं. स्पॅनिश सैन्य उलटून आलं तेव्हा तो खिडकीतून उडी मारून समुद्रात पोहत जहाजापर्यंत गेला आणि त्याचे सैनिक मागे कैदेत राहिले. त्याच वर्षी रिओ दे ला आचा या गावीही तेच झालं: माणसं मागे आणि सेनापती जहाजावर.

तेव्हा पोयाइस काही एका रात्रीत सुचलेलं नाही. न मिळालेल्या जमिनीचे कागद विकणं, झेंडा आणि नोटा काढणं, आणि वेळ आली की आपली माणसं सोडून निघून जाणं, या तिन्ही गोष्टी त्यानं आधी करून पाहिल्या होत्या. लंडनमध्ये हे कुणी जोडून पाहिलं नाही. बातमी जहाजानं यायची, महिन्या-दोन महिन्यांनी, आणि तीही अर्धीमुर्धी.

एक खरा कागद

१८२० मध्ये मॅकग्रेगर मध्य अमेरिकेच्या मिस्किटो किनाऱ्यावर गेला. आजच्या होंडुरास आणि निकाराग्वा या देशांचा हा पूर्वेकडचा समुद्रकाठ. (इंग्रजीत याला मॉस्किटो कोस्ट म्हणतात, पण ते नाव डासांवरून पडलेलं नाही, तिथे राहणाऱ्या मिस्किटो लोकांवरून आलंय. डास होते, ते पुढे येतीलच.) तिथला राजा जॉर्ज फ्रेडरिक ऑगस्टस. त्याला रम आणि दागिने देऊन मॅकग्रेगरनं एका कागदावर सही घेतली. त्या कागदानं त्याला ८० लाख एकर जमीन मिळाली.

८० लाख एकर म्हणजे साधारण ३२,००० चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राचा दहावा हिस्सा, किंवा आठ-नऊ गोवे शेजारी शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढं. आकडा प्रचंड आहे, पण जमीन कसली होती? दाट जंगल, दलदल, शेतीला अवघड. आणि कागदानं दिली होती फक्त जमीन. राज्य नव्हतं दिलं. तिथे राजा आधीच होता, त्यानंच तर सही केली होती!

१८२१ मध्ये लंडनला परतल्यावर मॅकग्रेगरनं सांगितलं की आपण ‘पोयाइसचे कॅसिक’ आहोत. कॅसिक म्हणजे तिकडच्या स्पॅनिशमध्ये सरदार किंवा राजा. झालं. जमिनीचा मालक राजा झाला, जंगलाचा देश झाला.

बोटांवर मोजून बघा, यात खरं किती होतं. किनारा खरा. मिस्किटो राजा खरा. सहीचा कागद खरा. ब्लॅक रिव्हर नदीच्या काठी १७३० च्या दशकात इंग्रजांची वसाहत होती आणि १७८७ मध्ये त्यांनी ती सोडली, हेही खरं. म्हणून सेंट जोसेफ हे इंग्रजांनीच वसवलेलं जुनं शहर आहे अशी थाप त्यानं मारली तेव्हा ऐकणाऱ्याला ती ओळखीची वाटली. चांगली थाप हवेत मारलेली नसते, तिच्या पायाखाली दोन-चार खऱ्या विटा असतात.

लंडनला काय हवं होतं

हा काळ आपल्याकडचा कुठला, ते लक्षात यावं म्हणून सांगते. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं ते १८१७ च्या नोव्हेंबरात, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्यानंतर चार वर्षांनी लंडनमध्ये हे सगळं घडत होतं. नेपोलियनशी चाललेली मोठी लढाई १८१५ मध्ये संपली होती. ब्रिटिश सरकारच्या कर्जरोख्यांवर आता वर्षाला जेमतेम ३ टक्के व्याज सुटत होतं. ज्यांच्याकडे पैसा होता ते जास्त व्याज कुठे मिळेल ते शोधत होते.

तेवढ्यात दक्षिण अमेरिकेतले नवे देश कर्ज मागायला लंडनच्या बाजारात उतरले. १८२२ मध्ये कोलंबियानं २० लाख पौंडांचं कर्ज काढलं, चिलीनं काढलं, पेरूनं काढलं. व्याज ६ टक्के. आदल्या वर्षापर्यंत हे देश कुणाला नकाशावर दाखवता आले नसते, आणि तरी त्यांचे रोखे हातोहात खपत होते. त्या गर्दीत आणखी एक नवं नाव आलं तर कोण हटकणार? २३ ऑक्टोबर १८२२ ला पोयाइस सरकारचे रोखे विक्रीला आले. एकूण २ लाख पौंड, प्रत्येकी १०० पौंडांचे २,००० रोखे, व्याज ६ टक्के. शिवाय १०० चा रोखा ८० पौंडांना. तेही सगळे एकदम द्यायचे नव्हते. सुरुवातीला १५ पौंड भरा, उरलेले पुढच्या हप्त्यांत. विक्री एका नावाजलेल्या बँकेमार्फत झाली, आणि त्या बँकेचा मालक पूर्वी लंडनचा महापौर होता.

इथे क्षणभर थांबा. रोखा विकत घेणाऱ्यानं काय पाहिलं असेल? बँक खरी आहे. तिचा मालक प्रतिष्ठित आहे. बाकीचे देशही हेच व्याज देतायत. मग हा देश खरा असणारच. असणार की नाही, हे मात्र त्यानं पाहिलं नाही. त्याला वाटलं, बँकेनं पाहिलं असेल. बँकेला वाटलं असेल, एवढा मोठा जनरल सांगतोय!

पुस्तक, नोटा, जमीन

मला या प्रकरणातला सगळ्यात विलक्षण भाग हा वाटतो. मॅकग्रेगरनं आपला देश कागदावर जितक्या तपशिलानं उभा केला, तितक्या तपशिलानं खरे देशही स्वतःबद्दल सांगत नाहीत.

१८२२ मध्ये साडेतीनशेहून अधिक पानांचं एक पुस्तक निघालं. लेखक म्हणून नाव होतं कॅप्टन थॉमस स्ट्रेंजवेज. असा कुणी कॅप्टन नव्हता. पुस्तक मॅकग्रेगरनं लिहिलं किंवा लिहवून घेतलं. बऱ्याच पानांत त्या भागाबद्दल आधी छापून आलेला मजकूर होता: झाडं, प्राणी, जमीन, हवामान. ती पानं वाचून वाचक निवांत व्हायचा. मग मधूनच पेरलेलं असायचं की इथे मक्याची वर्षाला तीन पिकं निघतात, नद्यांच्या पात्रात सोनं सापडतं, शिकार आणि मासे इतके की दिवसभराच्या कष्टात आठवड्याचं पोट भरतं.

देशाला राज्यघटना होती. तीन सभागृहांची संसद होती. सरदारांना द्यायच्या पदव्या होत्या, हिरव्या क्रॉसचा झेंडा होता, सैनिकांचे गणवेश ठरलेले होते. बँक ऑफ पोयाइसच्या नोटा एडिंबरोत छापून घेतल्या होत्या, चांगल्या कसबी खोदकामाच्या. खोट्या नोटा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या खऱ्या नोटांची नक्कल, हे आपल्याला माहीत आहे. इथे नक्कल करायला अस्सल असं काही नव्हतंच. ती नोट स्वतःच पहिली आणि शेवटची.

लंडन, एडिंबरो आणि ग्लासगो इथे जमीन विकण्यासाठी कचेऱ्या उघडल्या. भाव एकरी २ शिलिंग ३ पेन्स. गणित करू. १२ पेन्सचा १ शिलिंग, २० शिलिंगांचा १ पौंड, म्हणजे पौंडात २४० पेन्स. एकराला २७ पेन्स. म्हणजे १०० एकर जमीन साडेअकरा पौंडांच्या आतच. मजुराला एका दिवसाच्या कामाचे साधारण तेवढे पैसे मिळत, जेवढ्यात इथे एक एकर येत होता. ज्याच्या बापजाद्यांनी जन्मभर जमीनदाराच्या शेतात राबून काढलं, त्याला १०० एकरांचा मालक होता येणार होतं. मागणी वाढली तसा मॅकग्रेगरनं भाव चढवला, ४ शिलिंगांपर्यंत. भाव चढताना दिसला की माणूस घाई करतो. आजही करतो, तुम्ही सेलच्या जाहिराती बघता ना.

स्कॉटलंडमध्ये आणखी एक दुखरी नस त्यानं दाबली. सव्वाशे वर्षांपूर्वी, १६९८ मध्ये, स्कॉटलंडनं पनामाजवळ डेरियन इथे स्वतःची वसाहत करायला जहाजं पाठवली होती. ती मोहीम बुडाली, शेकडो माणसं तापानं मेली, देश कर्जात गेला. ती सल लोकांच्या मनात होती. आपल्या घराण्यातला एक पूर्वज डेरियनमधून वाचून आला होता असं मॅकग्रेगर सांगायचा. आता आपण स्कॉटलंडचं ते स्वप्न पुरं करू, असा त्याचा सूर होता. तेव्हा लीथच्या त्या जहाजावर चढणाऱ्याला नुसता जमिनीचा लोभ होता असं म्हणता येत नाही. कुणाला देशाचं राहिलेलं काम पुरं करायचं होतं, कुणाला मुलांना दोन वेळचं पोटभर द्यायचं होतं.

एडिंबरोचा एक चांभारही निघाला होता. पोयाइसच्या राजकन्येचे जोडे शिवायचं काम त्याला कबूल केलं होतं. बायका-मुलांना मागे ठेवून तो गेला, बस्तान बसलं की बोलावून घेणार होता. लंडनच्या एका माणसाला बँकेचा व्यवस्थापक नेमलं होतं. काहींनी पोयाइसच्या सैन्यातली पदं विकत घेतली होती.

ब्लॅक रिव्हर

पहिलं जहाज ‘होंडुरास पॅकेट’ सप्टेंबर १८२२ मध्ये लंडनहून ७० जणांना घेऊन गेलं होतं. ते नोव्हेंबरात ब्लॅक रिव्हरच्या मुखाशी पोचलं. बंदर नाही, धक्का नाही. लोक किनाऱ्यावर उतरले आणि शहर आत असेल म्हणून शोधत राहिले. सापडले ते जुन्या इंग्रजी वसाहतीचे पडके अवशेष आणि झाडी.

तरी पहिल्यांदा कुणाला फसवणुकीचा संशय आला नाही. वाटलं, जहाजाच्या कप्तानानं चुकीच्या जागी उतरवलं. मला हे फार खरं वाटतं. आपण गाडीतून उतरलो आणि समोर आपलं गाव दिसलं नाही, तर ‘चुकीच्या स्टॉपवर उतरलो’ असंच वाटेल. गावच नाही असं कुणाच्या मनात येईल?

सामान सगळं उतरायच्या आधीच वादळ आलं आणि होंडुरास पॅकेट समुद्रात निघून गेलं. मागे उरलेल्यांचा प्रमुख होता कर्नल हेक्टर हॉल. काय झालंय ते त्याच्या लवकर लक्षात आलं असावं. तो मदत शोधायला मिस्किटो राजाकडे गेला, जहाज शोधायला गेला, पुन्हा गेला. पण लोक घाबरतील म्हणून खरं काय ते त्यानं सांगितलं नाही. मागे राहिलेल्यांना दिसत होतं ते एवढंच की आपला म्होरक्या सारखा कुठेतरी नाहीसा होतोय.

मार्चमध्ये केनर्सली कॅसल येऊन पोचलं, लीथहून निघालेले दोनशे जण घेऊन. किनाऱ्यावर त्यांच्या स्वागताला आधीचे लोक होते, खोपटांत राहणारे. आता माणसं जवळजवळ अडीचशे झाली. ज्यांना हातानं काही करता येत होतं ते कामाला लागले असते तर निदान बरी छपरं झाली असती. पण बरेच जण सुन्न होऊन बसले. शहरात राहायला म्हणून आलेला माणूस जंगलात कुऱ्हाड घेऊन कशी सुरुवात करणार? आणि कुणाच्या हुकमानं? आपसात भांडणं सुरू झाली.

मग पावसाळा लागला. ताप आला, मलेरिया आणि पिवळा ताप. डास चावल्यानं मलेरिया होतो हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. ते कोडं रोनाल्ड रॉस यांनी आपल्या इकडे, सिकंदराबादला, १८९७ मध्ये सोडवलं, म्हणजे या घटनेनंतर ७४ वर्षांनी. दलदलीच्या काठी, गळक्या खोपटांत, भिजलेल्या अंथरुणांवर माणसं पडून राहिली. पाणी भरून आणायलाही धडधाकट माणूस मिळेना. तो चांभार उठून उभं राहता येत नाही इतका खचला, आणि त्यानं स्वतःचा जीव संपवला. पोयाइसमध्ये राजकन्या नव्हती.

१८२३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला ‘मेक्सिकन ईगल’ नावाचं जहाज योगायोगानं तिथून चाललं होतं. त्यावर बेलीझच्या ब्रिटिश वसाहतीतला वरिष्ठ अधिकारी होता. पोयाइस नावाचा देशच नाही, हे या लोकांना पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत त्यानं सांगितलं. थोड्याच दिवसांत हॉल परत आला, आणि त्यानं आणलेला निरोप आणखी वाईट होता: मॅकग्रेगरनं स्वतःला राजा म्हणवलं म्हणून मिस्किटो राजा संतापलाय, त्यानं जमिनीचं दान रद्द केलंय. म्हणजे आता तो एक खरा कागदही गेला.

जहाजात एका वेळी साठेक माणसंच मावत होती, म्हणून खेपा करून लोकांना बेलीझला नेलं. पण तापानं पिळून निघालेली माणसं तिथल्या इस्पितळात मरतच राहिली. गेलेल्या सुमारे अडीचशेंपैकी १८० च्या आसपास दगावले असा आकडा सहसा दिला जातो. काही जण तिकडेच स्थायिक झाले. १२ ऑक्टोबर १८२३ ला लंडनला परत पोचले ते पन्नासहूनही कमी.

आणखी पाच जहाजं पोयाइसच्या वाटेवर होती. बेलीझहून खबर गेल्यामुळे ब्रिटिश आरमारानं ती परत फिरवली, असं सांगितलं जातं.

पासपोर्टाच्या खिडकीपाशी

लोक लंडनला पोचले तेव्हा मॅकग्रेगर तिथे नव्हता. तो पॅरिसला निघून गेला होता. तिथे त्यानं काय केलं? तेच. पुन्हा पोयाइस, पुन्हा जमीन, या वेळी फ्रेंच लोकांना.

पण तिथे एक गोष्ट वेगळी झाली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात नीट पाहायची जागा तीच आहे. १८२५ मध्ये जायला निघालेल्या फ्रेंच लोकांनी पासपोर्टासाठी अर्ज केले. फ्रेंच सरकारी कचेरीत लक्षात आलं की इतकी माणसं एका अशा देशात जायची परवानगी मागतायत, ज्याचं नाव कधी ऐकलेलं नाही. चौकशी झाली. जहाज अडवलं गेलं, मॅकग्रेगर आणि त्याचे साथीदार तुरुंगात गेले.

म्हणजे हा डोलारा पाडायला कुणी मोठा हेर लागला नाही. कागदावर लिहिलेल्या देशाचं नाव वाचून ‘हा देश कुठे आहे?’ एवढं विचारणारी कचेरी लागली. लंडनमध्ये रोखे विकताना, लीथमध्ये तिकिटं देताना, नोटा छापताना, हा प्रश्न विचारायची पाळी किती जणांवर आली होती! प्रत्येकानं आपल्यापुरतं काम चोख केलं. छापणाऱ्यानं छापलं, बँकेनं विकलं, कप्तानानं जहाज हाकारलं.

खटला १८२६ मध्ये चालला. एका साथीदाराला शिक्षा झाली. मॅकग्रेगर निर्दोष सुटला. मग तो लंडनला आला आणि पुढची दहा-अकरा वर्षं बारीकसारीक पोयाइस योजना काढत राहिला, पण आता कुणी फारसं फिरकत नव्हतं. १८३८ मध्ये होसेफा वारली. तो व्हेनेझुएलाला गेला आणि जुन्या लढायांची आठवण देऊन नागरिकत्व, जनरलचं पद आणि पेन्शन मिळवलं. १८४५ च्या डिसेंबरात काराकासमध्ये तो वारला. लष्करी इतमामानं त्याला निरोप दिला गेला. पोयाइसच्या मृत्यूंबद्दल त्याला कुठल्याही न्यायालयानं कधीच शिक्षा दिली नाही.

मुलांना ही गोष्ट सांगितली की हात वर होतात: मग त्याला शिक्षा का नाही? याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. कायदा तेव्हा अशा गोष्टींसाठी तयार नव्हता, साक्षीदार मेलेले होते, ज्यांनी पैसे घातले होते त्यांना बोभाटा नको होता. ही कारणं खरी आहेत, पण ती ऐकून बरं वाटत नाही, आणि वाटूही नये.

जेम्स हेस्टी

केनर्सली कॅसलवर जेम्स हेस्टी नावाचा लाकूड चिरणारा कारागीर होता. बायको आणि तीन मुलं बरोबर घेऊन तो निघाला होता. लीथच्या धक्क्यावर ज्यांचं भाडं माफ झालं, त्यांत त्याचीही मुलं होती. त्यातली दोन तापानं गेली.

तो जिवंत परत आला. वर्तमानपत्रांनी मॅकग्रेगरला धारेवर धरलं होतं. आता हा माणूस काय बोलेल असं तुम्हाला वाटतं? हेस्टीनं आपल्या प्रवासाची हकिगत छापली आणि मॅकग्रेगरला मुख्य दोषी मानायला नकार दिला; परत आलेल्या काही जणांनी तर शपथेवर सांगितलं की दोष मॅकग्रेगरचा नाही. दोष हॉलचा आहे, इतर माणसांचा आहे. सर ग्रेगरना नुसतं बदनाम केलं जातंय.

मी यावर बराच विचार केला आहे. फसवलेला माणूस फसवणाऱ्याची बाजू घेतो, ते भोळेपणानं असेल असं मला पूर्वी वाटायचं. हेस्टीच्या जागी स्वतःला ठेवून पाहिल्यावर तसं वाटेनासं झालं. मॅकग्रेगर भामटा होता हे एकदा कबूल केलं, की पुढचं वाक्य काय येतं? देश मुळात नव्हता, आणि माझ्या लेकरांना मी माझ्या हातांनी त्या जहाजावर चढवलं. हॉलनं कारभार नीट केला नाही असं धरलं, तर निदान देश खरा राहतो, जायचं ठरवलं ते बरोबर ठरतं, आणि मुलं एका चांगल्या आशेपायी गेली असं म्हणता येतं.

जेम्स हेस्टीनं त्या हकिगतीवर स्वतःचं नाव घातलं आणि ती १८२३ मध्येच एडिंबरोला छापली.